पेटीतली वाळू

१

रविवारी सकाळी साडेआठला पेटी उघडली, तेव्हा आत वाळू होती.

सुहाने ती नंतर तोलून पाहिली, एक्केचाळीस ग्रॅम भरली. पांढऱ्या कापसावर, बरोबर मधोमध, कोणी मुठीने अलगद ठेवावी तशी ती ठेवलेली होती. गुरुवारी त्याच कापसावर वीतभर लांबीचा, दीड किलो वजनाचा जिप्समचा तुकडा होता. त्यावर क्रूस कोरलेला होता. तो आता नव्हता.

बहारीनमधल्या मुहर्रक बेटाच्या उत्तर टोकाला, विमानतळाच्या पलीकडे, दैर नावाचं गाव आहे. अरबीत दैर म्हणजे मठ. फार पूर्वी या किनाऱ्यावर ख्रिस्ती साधू राहत असत, असं जाणकार सांगतात. गावाबाहेर खजुरांच्या बागेत मोत्यांच्या एका व्यापाऱ्याने उन्हाळ्यापुरतं राहायला एक दुमजली घर बांधलं, त्यालाही आता शंभर वर्षं उलटली. त्याचा पणतू साद ते घर दुरुस्त करून घेत होता. बैठकीची फरशी उखडली आणि खाली आणखी जुन्या भिंती निघाल्या. त्या भिंतींत तो क्रूस सापडला. त्या दिवसापासून गवंड्यापासून मालकापर्यंत सगळेच त्या घरात जरा हळू आवाजात बोलू लागले होते.

तुकडा संग्रहालयात पाठवायचा म्हणून गाडी दारात उभी होती, आणि वरच्या खोलीत चौघं जण वाळूकडे बघत होते. मालक साद, साइट इंजिनिअर परीक्षित, राखणदार अलीमियाँ, आणि चुन्या-प्लास्टरच्या तपासण्या करणारी सुहा. तिने रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. वय पंचवीस, घराणं श्रीवर्धनचं, जन्म मात्र बहारीनचा.

"गुरुवार को बारह बजे मेरे सामने पेटी बंद की," साद म्हणाला. "चाबी किसके पास?"

"माझ्याकडे, शेख," अलीमियाँनी कमरेची किल्ली दाखवली. मग हिंदीत म्हणाले, "मेरे पास. कमरा, पेटी, दोनों की एक ही चाबी है."

"शुक्रवार-शनिवार छुट्टी. कौन अंदर गया?"

"बाहर का कोई नहीं."

सादने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. हा माणूस एकतीस वर्षं या घरात होता. सादला सायकल चालवायला त्यांनीच शिकवलं होतं. कदाचित म्हणूनच त्याला राग आवरेना.

"सोच के बोलो. मंगल को बारह बजे तक. फिर मैं पुलिस में जाता. खलास."

मंगळवारी बारा. अलीमियाँचं विमान बुधवारी सकाळी होतं. एकतीस वर्षांनी ते कायमचे दापोलीला निघाले होते. तक्रार झाली की नाव विमानतळावर जाणार, आणि प्रकरण मिटेपर्यंत माणूस इथेच अडकणार. ते किती महिन्यांत मिटेल हे कोणालाच सांगता येत नाही.

अलीमियाँ किल्ली कमरेला लावून जिना उतरले.

सुहा मात्र वाळूकडेच बघत होती. चोर वस्तू नेतो. मागे काही ठेवून कशाला जाईल?

२

खालच्या कोठीत तिचं टेबल होतं. त्यावर भिंग, तराजू, काचेच्या नळ्या आणि एक जाडजूड वही. तिने वाळू कागदावर पसरली.

घरात जिकडेतिकडे खणलेली माती होती. ती राखाडी, राखेसारखी. ही तशी नव्हती. दैरच्या किनाऱ्यावरची वाळू जाडीभरडी असते, शिंपल्यांच्या चुऱ्याने भरलेली. हीसुद्धा तशी नव्हती. ही बारीक होती आणि तिच्यात तांदळाच्या दाण्याएवढे, मळसूत्रासारखे लांबट शंख होते. सुहाने अकरा मोजले. असल्या गोगलगायी समुद्रात जगत नाहीत. त्यांना झऱ्याचं पाणी लागतं.

दुसरी गोष्ट कापसाची. वाळूखाली कापसावर एक तपकिरी कडा उमटली होती. चहाचा ओला कप कागदावर ठेवला की उमटते तशी. म्हणजे वाळू ठेवली तेव्हा ती ओली होती.

तिसरी गोष्ट तिला खोलीतच सापडली. खिडकीखाली, फरशीच्या फटीत, पांढरे चार कण. भिंगाखाली ते साखरेसारखे चमकले. जुनं जिप्सम वरून मळकट होतं, पण नुकतंच तुटलं की आतून असं चमकतं.

ती परीक्षितकडे गेली. तो सांगलीचा, तिशीचा, कामाला वाघ आणि बोलायला गोड. आज मात्र गोडवा आटला होता.

"पोलिसांना वर्णन लागेल," ती म्हणाली. "तुझ्याकडे फोटो आहे ना?"

"आहे की." त्याने फोन पुढे केला. फोटो खरोखर सुंदर आला होता. क्रूसाची प्रत्येक रेघ उठून दिसत होती, कारण ऊन तिरपं पडलं होतं. तुकड्यावर जाळीदार खिडकीची सावलीही पडली होती, चौकोन चौकोन.

"मला पाठव."

"सुहा, तू तुझं केमिस्ट्री बघ. हे पोलिसांचं काम आहे. म्हातारा वाईट नाही, पण जाताजाता माणसाची बुद्धी फिरते."

"आणि महादेवकाका कुठे आहेत? दिसले नाहीत सकाळपासून."

"शहरातल्या नईम भागातल्या साइटवर पाठवलंय. तिथे अर्जंट काम होतं."

महादेव म्हणजे प्लास्टरचा गवंडी, कुडाळकडचा. सुहा त्याच्या कामाच्या जागी गेली. बैठकीतल्या कोरीव पट्टीचं काम अर्ध्यावर होतं. खाली घमेलं पडलं होतं. त्यात जुस, म्हणजे इथलं जिप्समचं प्लास्टर, दगडासारखं घट्ट झालं होतं आणि थापी त्यातच रुतलेली.

सुहा घमेल्यासमोर बसूनच राहिली. जुस दहा मिनिटांत आवळतो. म्हणून महादेव एका वेळी ओंजळभरच कालवायचा आणि तेवढा संपवूनच उठायचा. थापी धुतल्याशिवाय तो चहासुद्धा घेत नसे. आज त्याला ती दहा मिनिटंही मिळाली नव्हती. कोणीतरी त्याला कामावरून अक्षरशः उचलून गाडीत घातलं होतं.

३

घराच्या मागे, खजुरांच्या सावलीत, पायऱ्यांची एक चौकोनी विहीर होती. तळाशी झरा. इकडे अशा झऱ्याला ऐन म्हणतात. बेटावरचे बहुतेक ऐन आटले, हा अजून छातीभर पाणी धरून होता. सोमवारी सकाळी सुहा पायऱ्या उतरून गेली आणि शेवटच्या कोरड्या पायरीवर वाकली. पाण्याखालच्या पायरीवर बारीक वाळू होती आणि तिच्यात तेच लांबट शंख.

वाळू इथलीच.

"पडशील, पोरी," वरून आवाज आला. अलीमियाँ काठावर उभे होते. "शेवाळं आहे."

"चाचा, शुक्रवारी इथे कोण आलं होतं?"

"मी रोज येतो. पाला काढतो."

"वरच्या खोलीत कोण गेलं होतं?"

"सांगितलं ना. बाहेरचं कोणी नाही."

"आतलं?"

ते काठावर बसले आणि चप्पल काढून तिची माती झटकत राहिले. सुहा वर येऊन त्यांच्या शेजारी बसली. तिच्या मनात कालपासून एक आठवण घोळत होती. सुट्टीत श्रीवर्धनला गेली की आजी जीर्ण झालेली धर्मग्रंथाची पानं कापडात बांधून ठेवायची. एक दिवस ते गाठोडं दिसेनासं व्हायचं.

"चाचा, आपल्याकडे फाटकी पाक पानं काय करतात?"

"थंड करतात. विहिरीत सोडतात, नाहीतर जमिनीत पुरतात. पायदळी येऊ नयेत म्हणून." एवढं बोलून ते थांबले आणि तिच्याकडे वळले. "तुझ्या मनात काय आलं ते कळलं मला. मी नाही केलं, पोरी."

"मग ज्याने केलं त्याचं नाव सांगा. उद्या बारा वाजता तुमचं नाव जाईल."

"मी तर जाणारच आहे. आज नाही तर चार महिन्यांनी. ज्याला अजून दहा वर्षं इथे काढायची आहेत त्याचं नाव मी कशाला घेऊ? आणि तो चोर नाही. कसम घेऊन सांगतो."

"दापोलीत चाची काय म्हणतील?"

"तिने एकतीस वर्षं वाट बघितली. रागवेल. तोंड फिरवून बसेल. मग चहा करेल."

ते हसले आणि चप्पल पुन्हा पायात घातली. सुहाला दोन गोष्टी कळल्या. अलीमियाँनी किल्ली कोणाला तरी दिली होती, आणि ज्याला दिली त्याने वर जाऊन काय केलं हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं.

तुकडा पाण्यात असेल का? तिने मनातल्या मनात हिशेब मांडला. गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे अडीच ग्रॅम जिप्सम विरघळतं. दीड किलोला सहाशे लिटर पुरे. या विहिरीत नऊ हजार लिटर पाणी होतं.

४

दुपारी एकला सत्यवतीबाई डबे घेऊन आल्या. साइटवरच्या सगळ्यांना त्यांचं जेवण असे. सनद भागात राहायच्या, मूळच्या मालवणच्या, आणि त्यांच्यापाशी कोणत्याही विषयावर मत तयार असे.

"बाय, जेवलंस?" त्यांनी विचारलं. "तोंड बघ कसा झाला हा. त्या म्हाताऱ्याचा आयकलंय मी. सादशेठाक म्हणावा, चोरी करूची होती तर एकतीस वर्षां कित्याक थांबलो असतो तो?"

"मावशी, एक विचारू? तुम्ही घरातून एखादी वस्तू उचलून नेलीत. तिच्या जागी ओली वाळू का ठेवाल?"

"खंयची वाळू?"

"पाण्याच्या तळाची."

"ह्या काय विचारूचा?" त्या भाजीचा डबा उघडत म्हणाल्या. "गणपती पोचवलो काय पाटार तिथली वाळू घेवन येतत आणि देव बसलेलो त्या जाग्यार ठेवतत. देवाची जागा एकदम रिकामी करू नये. तुमच्यात नसता तसा?"

सुहाचा घास हातातच राहिला.

"नाही," ती म्हणाली. "आमच्यात पानं थंड करतात, पण परत काही आणत नाहीत."

"मगे? एवढा शिकलंस आणि ह्या ठावक नाय. मासो खा, थंड होता."

ज्याने तुकडा नेला त्याने तो चोरला नव्हता. त्याने त्याची बोळवण केली होती, रीतीप्रमाणे, आणि रिकामी जागा राहू नये म्हणून परत येऊन वाळू ठेवली होती. परत यायचं म्हणजे पुन्हा जिना चढायचा, पुन्हा कुलूप उघडायचं. पकडलं जाण्याची भीती ज्याला असते तो इतकं करत नाही. आपण काही चुकीचं करतोय हे त्या माणसाच्या गावीही नव्हतं. मालवणची ही रीत पाळणारा साइटवर एकच माणूस होता, कुडाळकडचा महादेव.

पण धडधाकट देवाला कोणी पाण्यात का सोडेल? त्याचं उत्तर खिडकीखालच्या चार चमकत्या कणांत होतं. तुकडा आधी तुटला. आणि तो महादेवने तोडला नव्हता. त्या वरच्या खोलीत सुहा दीड महिना तापमानाच्या नोंदी घेत होती. खोलीला एकच खिडकी, पश्चिमेची. पावणेतीनच्या आधी तिथे उन्हाचा कवडसाही येत नाही. तुकडा गुरुवारी सकाळीच वर आणला होता, बाराला पेटी बंद झाली होती, आणि परीक्षितच्या फोटोत तुकड्यावर जाळीची सावली होती.

तिने ताट बाजूला सारलं आणि नईमची टॅक्सी पकडली.

५

महादेव नईमच्या एका जुन्या इमारतीत छताला प्लास्टर करत होता. सुहाला बघून तो परांचीवरून उतरला, थापी धुतली, हात पुसले आणि मगच बोलला.

"काय गो बाय, हय कशी?"

"काका, अलीचाचांवर चोरीचा आळ आलाय. उद्या पोलिसांत देणार आहेत त्यांना."

तो तिथेच विटांवर बसला.

"कसली चोरी?"

त्याला खरंच काही ठाऊक नव्हतं. ते कळायला विज्ञान लागलं नाही.

"गुरुवारी संध्याकाळी परीक्षितसाहेबान फोन केल्यान," तो सांगू लागला. "म्हणालो, तुकडो जरा तडकलोहा, रविवारच्या आत जोडून ठेव, कोणाक सांगा नको. शुक्रवारी मी अलीमियाँकडे चावी मागली. तेनी इचारल्यानसुद्धा नाय. माझो भाव तो. वर जावन बघलंय तर तडो नाय, मधोमध दोन तुकडे. क्रूसाच्या बरोबर मधून. बाय, भंगलेलो देव जोडूचो नसता. घरात ठेवूचो तर मुळीच नसता."

"तो तुमचा देव नव्हता, काका."

"कोणाचो तरी होतो मा? कोणीतरी त्याच्याफुडे हात जोडले असतीत." त्याने खांदे उडवले. "कापूर लावलंय, पोचवलंय. साहेबाक फोन करून सांगलंय, काम झाला. तो म्हणालो, बरा झाला."

परीक्षितला वाटलं, जोडला. रविवारी पेटी उघडल्यावर त्याला कळलं, आणि पंधरा मिनिटांत महादेव नईमच्या गाडीत होता. दोघं समोरासमोर आले असते तर पहिला प्रश्न हाच निघाला असता, की तोडला कोणी.

"उद्या याल माझ्याबरोबर? तुमची नोकरी जाऊ शकते."

"उद्या कित्याक?" महादेव उठला. "आत्ताच चल."

६

साडेचारला सगळे विहिरीच्या काठावर जमले. सादचा चेहरा बंद दारासारखा होता. परीक्षितने महादेवला गाडीतून उतरताना पाहिलं आणि तो खिशात फोन चाचपू लागला.

सुहाने सगळं क्रमाने सांगितलं. वाळू, शंख, कापसावरची कडा, घमेलं. मग परीक्षितला म्हणाली, "तो फोटो सादसाहेबांना दाखव. किती वाजता काढला ते फोन सांगेल."

परीक्षित हलला नाही. सादने हात पुढे केला तेव्हा फोन द्यावाच लागला. गुरुवार, तीन वाजून बावन्न मिनिटं.

"खिडकीचं शटर लावायला किल्ली मागून घेतली होती," परीक्षित खाली बघत म्हणाला. "फक्त एक फोटो. उन्हात छान दिसत होता. खिडकीच्या कट्ट्यावरून सरकला."

"तो गुरुवार को तुम भी अंदर गया," साद हळूच म्हणाला. मग अलीमियाँकडे वळला. "और तुम बोला, कोई नहीं."

"बाहर का कोई नहीं, बोला," अलीमियाँ म्हणाले. "इंजिनिअर बाहरका है क्या? महादेव बाहरका है?"

सादने पाण्याकडे बोट केलं. "अब क्या मिलेगा? सुहा, तुमने बोला था, ये पानी में घुल जाता."

"गोड्या पाण्यात," सुहा म्हणाली. सकाळी याच हिशेबाने तीही धास्तावली होती, आणि नंतर टॅक्सीत वही उघडल्यावर तिला स्वतःचाच राग आला होता. कामाच्या पहिल्याच आठवड्यात तिने या झऱ्याचं पाणी तपासलं होतं. "हे पाणी जिप्समच्याच खडकातून वर येतं. ते आधीच जवळजवळ संपृक्त आहे. पोट भरलेलं पाणी आणखी काय खाणार? कडा थोड्या बोथट झाल्या असतील. तुकडे असायला हवेत."

सगळ्यांनी महादेवकडे पाहिलं.

"दुसऱ्या पायरीच्या खाली, उजवीकडे," तो म्हणाला. "पण मी काढूचंय नाय."

"महादेव," परीक्षित म्हणाला, "उतर ना बाबा, तुलाच जागा माहितीये."

"बोळवलेलो देव परत आणूचो नसता. साहेब, नोकरी घेवा, पण ह्या माका सांगा नको."

सुहा बूट काढू लागली. तेवढ्यात अलीमियाँनी तिला हाताने मागे सारलं. त्यांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, टोपी काढून महादेवच्या हातात दिली.

"तुझा नियम तुला," ते त्याला म्हणाले. "मला तो लागू नाही. धर ही."

चौसष्ट वर्षांचा माणूस एकेक पायरी चाचपत उतरला. पाणी मांडीला लागलं, मग कमरेला. ते वाकले आणि हनुवटीपर्यंत पाण्यात गेले. पाण्यावर तरंग उठत राहिले. मग त्यांनी एक तुकडा वर धरला. पांढरा, निथळणारा, कडा गुळगुळीत झालेल्या, क्रूसाचा एक हात स्पष्ट. सुहाने तो दोन्ही हातांत घेतला. दुसरा शोधायला त्यांना जरा वेळ लागला, कारण तो उपडा पडला होता.

काठावर महादेवने मान फिरवली होती. पण टोपी त्याने छातीशी घट्ट धरली होती.

परतताना अलीमियाँचा पाय शेवाळावर घसरला. साद पुढे झाला. पांढराशुभ्र, पायघोळ थोब सावरायचं त्याला सुचलं नाही. तो दोन पायऱ्या पाण्यात उतरला आणि हात पुढे केला. अलीमियाँनी तो लगेच घेतला नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून त्यांनी आधी दम खाल्ला, कपाळावरचं पाणी निपटलं. साद हात तसाच धरून उभा राहिला.

"सामान बांधायचं राहिलंय," अलीमियाँ त्याचा हात पकडत म्हणाले. "परवा सकाळी सहाला गाडी पाठवा, शेख. आणि चालवायला तुम्ही स्वतः या."